सोलापुरात घर विकायचंय? मॉड्युलर किचन राहू द्या, आधी हौद बांधा

विजापूररोडकर (धागाकर्ता):

जुळे सोलापुरात वडिलांनी १९९५ साली बांधलेलं घर आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या. वरची एक खोली नंतर चढवलेली. वडील गेले, आई माझ्याकडे असते, थोरला पुण्यात. वर्षभरात घर विकायचं ठरलंय. थोरल्याचं म्हणणं, विकायच्या आधी सहा-सात लाख घालू. मॉड्युलर किचन, हॉलला पीओपी, खाली सगळीकडे व्हिट्रिफाइड टाइल्स. मग दुप्पट वसूल होतील म्हणे. हा हिशेब वाकड-बाणेरचा आहे, सोलापूरचा नाही.

आपल्याकडे गिऱ्हाईक चपला काढायच्या आधीच विचारतं, "पाणी किती दिवसांआड येतं?" उजनी धरण भरलेलं असलं तरी नळाला पाणी तीन-चार दिवसांआड, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी माप धरलं तर पाच माणसांना पाच दिवसांसाठी ३,३७५ लिटर साठवावं लागतं. आमच्या गच्चीवर हजार लिटरची एक काळी टाकी आणि न्हाणीघरात पिंप. म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून काटकसर सुरू.

म्हणून माझं मत: दहा हजार लिटरचा हौद, गच्चीवर दोन टाक्या, बोअरची लाईन वेगळी, स्लॅबचं वॉटरप्रूफिंग आणि वरून पांढरा रंग. बाकी काही नाही. हॉलमधली शहाबादी काढायची तर मुळीच नाही, घासून पॉलिश करायची. मे महिन्यात ४३-४४ अंशाला दुपारी त्या फरशीवर नुसती सतरंजी टाकून झोपून बघा, मग बोला.

पटत नसेल तर खुशाल वाद घाला.

सातरस्ता_प्रॉपर्टी:

मालक, राग मानू नका, पण तुम्ही घर प्लंबरच्या नजरेनं बघालाव. हौद जमिनीखाली असतोय, फोटोत दिसत नाही. आजकाल माणूस आधी मोबाईलवर फोटो बघतोय, आवडलं तर फोन करतोय. शहाबादी दिसली की "जुनं घर दिसतंय" म्हणतो आणि तिथूनच भाव पाडून बोलायला सुरुवात. पाण्याचं सगळेच विचारतात, खरंय. पण पाण्याची सोय असलेली चार घरं दाखवली की त्यातलं चकाचक घर आधी जातंय. माझ्या धंद्यात रोज बघतो हे. तुमचे थोरले बंधू बरोबर बोलायलेत. निदान किचन आणि हॉल तरी कराच. घर बाईमाणूस पसंत करते, पुरुष नुसता पैशाचं बघतो.

माहेर_बाळे:

बाईमाणूस पसंत करते ना, मग बाईमाणसाचंच ऐका की. गेल्या वर्षी आम्ही घर शोधत होतो. एका ठिकाणी लालभडक चकचकीत किचन. मी सिंकखालचं दार उघडलं. आतला बोर्ड फुगून पापुद्रे सुटलेले, बिजागरी गंजलेली, नळाच्या बुडाला बोअरच्या पाण्याच्या क्षाराचा पांढरा थर. केवढा खर्च केला असेल त्यांनी, पण मला दिसलं ते एवढंच, की हे सगळं उपसून टाकायचा खर्च आपल्यालाच आहे.

मी काय बघते सांगू? ओट्याला उजेड आहे का. भांडी घासायला मागच्या बाजूला मोरी आहे का, कारण बाई आली तर ती सिंकमध्ये उभ्यानं घासत नाही. वर्षाचं धान्य आणि मसाला ठेवायला कोरडी जागा आहे का. धुणं वाळत कुठं घालायचं. पाणी भरायच्या दिवशी मोटरचं बटण घरातून दाबता येतं की अंगणात पळावं लागतं. ओटा ग्रॅनाइटचा धड असला, खाली कडाप्प्याचे कप्पे असले तरी चालतं. ट्रॉल्या ज्याच्या त्यानं आपल्या आवडीच्या बसवाव्यात.

पीओपीबद्दल मात्र धागाकर्त्यांच्या बाजूने. त्यात पाली आणि जाळ्या.

काळी_माती:

मी सिव्हिलचा आहे. धागाकर्त्यांचा आणि एजंटसाहेबांचा, दोघांचाही क्रम चुकतोय.

सोलापूरच्या बऱ्याच भागात खाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असला की घर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी वर गेलेली भेग, प्लिंथच्या (जोत्याच्या) बाजूने फरशी खचलेली, दार मे महिन्यात लागतं आणि ऑगस्टमध्ये अडकतं, ही लक्षणं. जाणकार गिऱ्हाईक सोबत मिस्त्री आणतो आणि मिस्त्री रंगाकडे बघत नाही, भेगा बघतो. भेगेत नुसती लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला असेल तर त्याला दोन मिनिटांत कळतं, आणि मग बाकीच्या भिंतींवरचाही विश्वास उडतो.

आता हौद. दहा हजार लिटर म्हणजे साधारण साडेतीनशे घनफूट. एवढा खड्डा तुम्ही पार्किंगमध्ये भिंतीलगत खणला आणि तो उद्या झिरपायला लागला, तर काळ्या मातीला बारमाही पाणी पाजलंत. घराची किंमत वाढवायला निघालात आणि पायाच बिघडवलात. हौद पायापासून लांब, आरसीसीचा, आतून नीट वॉटरप्रूफिंग केलेला हवा. विटांचा बांधून वर सिमेंटचा गिलावा, हे मिस्त्रीनं स्वस्तात करून देतो म्हटलं तरी नको.

गच्चीवरचं पाणी बोअरला सोडायचं कुणीच बोललं नाही. हजार चौरस फुटांची गच्ची, वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटर धरला, तर पन्नास हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं. वीस टक्के वाया गेलं तरी चाळीस हजार हाती लागतात. खाली काळा दगड आहे, तो भेगांतून आणि मुरमातूनच पाणी धरतो, त्यामुळे बोअर बारमाही चालेल अशी हमी मी देणार नाही. पण गाळणीचा खड्डा आणि पाईप, यात घरावर होणारा खर्च किरकोळ आहे आणि बघायला आलेल्या माणसाला दाखवता येतो.

सातरस्ता_प्रॉपर्टी:

इंजिनियरसाहेब, समांतर जलवाहिनीचं रोज पाणी यायला लागलं की तुमच्या या हौदाला कोण विचारणार?

काळी_माती:

जलवाहिनी उजनीहून शहराच्या वेशीपर्यंत पाणी आणते. तिथून तुमच्या नळापर्यंत टाक्या आणि आतल्या लाईनी लागतात. ज्या दिवशी जुळे सोलापुरातल्या शेवटच्या गल्लीत रोज पाणी येईल, त्या दिवशी हौदात मासे पाळू.

पूर्वभाग:

तुमची चर्चा बंगलेवाल्यांची चाललीय. आमच्याकडे अशोक चौक, साखर पेठेच्या बाजूला घर म्हणजे पुढं राहायचं, मागं यंत्रमागाचं शेड. तिथं गिऱ्हाईक टाइल्सचं नाव काढत नाही. विचारतो, थ्री फेज वीज आहे का, शेडवरचा पत्रा कधी बदलला, टेम्पो गल्लीत शिरतो का. आमच्या चुलत्यांनी शेड पाडून तिथं दोन खोल्या काढल्या, भाड्यानं जाईल म्हणून. भाडं येतंय, नाही असं नाही. पण मागवाला गिऱ्हाईक गेला आणि राहायला येणारा म्हणतो गल्लीत खटखट लई आहे. काय वाढवायचं हे कोण घेणार यावर आहे.

पासबुक:

बँकेतून निवृत्त आहे, घरकर्जाच्या खात्यातच बरीच वर्षं गेली. तुमचं गिऱ्हाईक रोखीनं घेणार आहे का? नसेल, तर किंमत तुम्ही ठरवत नाही, एजंटही नाही. बँकेचा मूल्यांकनकार येतो. तो जागेची किंमत वेगळी धरतो आणि बांधकामाची वेगळी. आरसीसी बांधकामाचं आयुष्य सहसा ६० वर्षं धरतात आणि वयानुसार घसारा वजा करतात. १९९५ चं घर म्हणजे बांधकामाची किंमत निम्म्याच्या जवळ आली. पीओपीसाठी त्याच्या कागदावर रकानाच नाही. मग सौदा एका आकड्याला ठरतो, कर्ज बसतं त्यापेक्षा कमी, आणि मधला फरक गिऱ्हाईकानं खिशातून भरायचा. सौदे तिथं मोडतात.

धागाकर्त्यांनी "वरची खोली नंतर चढवलेली" असं जाता जाता लिहिलंय. परवानगी आहे का? मूल्यांकनकार मंजूर नकाशातलं क्षेत्रच धरतो. नसेल तर ती खोली त्याच्या लेखी नाही. ती नियमित होते का हे महापालिकेत विचारून घ्या. सामासिक अंतर, म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा, सुटलेलं असेल तर मार्ग निघू शकतो. होटगी रोडच्या बाजूला कुणी मजला चढवून भाव वाढवायच्या विचारात असेल, तर विमानतळामुळे उंचीची परवानगीही बघा.

आणि प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला असेल, तर आधी ते. २००१ चा कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. शुल्क भरून प्रमाणपत्र आणलंत तर बँकेचं दार उघडतं. सामाईक सातबाऱ्यावर सोन्याचा नळ बसवला तरी कर्ज होत नाही.

विजापूररोडकर:

गुंठेवारी नाही, एनए (बिगरशेती) प्लॉट आहे. वरच्या खोलीचा नकाशा वडिलांच्या फाईलमध्ये शोधतो. पायापासून हौद लांब, हे पटलं. पण किचनच्या मुद्द्यावर मी हलणार नाही.

पुण्यात_अडकलेला:

सगळे उगाच भांडताय. आमच्या वर्गातली निम्मी पोरं हिंजवडीत आणि हैदराबादला, घरं मागं आईवडिलांपुरती. विकणारे ढीगभर, घेणारे कमी. भाव रस्त्यानं वाढतो, तुमच्या हौदानं नाही आणि किचननं नाही. एक रुपया घालू नका. झाडून-पुसून, दिवे बदलून, आहे तसं विका. घेणारा पाडून बांधणार असेल तर तुमचा हौद त्याच्या पार्किंगच्या मध्ये येणार.

माहेर_बाळे:

पाडून बांधायला पैसे असणारा वेगळा. आमच्यासारखे बरेच आहे त्याच घरात राहायला जातात. आम्ही शेवटी घेतलं ते सोलर असलेलं घर. उन्हाळ्यात कूलर आणि फ्रीज धरून बिल नावाला येतं.

पासबुक:

सोलरचं ठीक. पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॅटला ७८,००० अनुदान मिळतं. पण वर्षभरात विकायचं असेल तर त्याचा फायदा घेणाऱ्याला. भावात तेवढा मिळेलच असं नाही. गच्ची गळत असेल तर ती आधी दुरुस्त करा, नाहीतर पॅनेलचे पाय पुन्हा काढावे लागतात.

ताळेबंद:

एक कोरडा मुद्दा. जे काही कराल त्याची पक्की बिलं घ्या, पैसे बँकेतून द्या. विक्रीवर भांडवली नफ्याचा कर बसतो तेव्हा हौद, वाढीव बांधकाम असा सुधारणेचा खर्च नफ्यातून वजा मागता येतो. रंगरंगोटी, किरकोळ दुरुस्ती सहसा धरत नाहीत. घर २३ जुलै २०२४ च्या आधीचं आहे, त्यामुळे साडेबारा टक्के साधा किंवा महागाई निर्देशांक धरून वीस टक्के, यातला जो कमी पडेल तो घ्या. मिस्त्रीनं चिठ्ठीवर लिहून दिलेल्या आकड्याला कुणी विचारत नाही.

पासबुक:

विजापूररोडकर, एक राहिलं. तुम्ही दोघे भाऊच की बहीणही आहे?

विजापूररोडकर:

बहीण आहे, कोल्हापूरला दिलीय. तिला काही नकोय म्हणते.

पासबुक:

म्हणते, पण लिहून दिलंय का? वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर आई, बहीण, तुम्ही दोघे, सगळ्यांची वारस नोंद व्हायला हवी. तिला खरंच नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. ते झाल्याशिवाय हौदाला कुदळ लावू नका आणि किचनवाल्याला इसारही देऊ नका. त्याला महिने लागतात, सिमेंटला आठवडे.

सातरस्ता_प्रॉपर्टी:

हे मात्र साहेब शंभर टक्के बोलले. कागद होईपर्यंत जाहिरातसुद्धा टाकत नाही मी. आणि मालक, हौद करायचाच असेल तर ईशान्येला घ्या. वास्तू बघणारं गिऱ्हाईक निम्म्याहून जास्त असतंय.

काळी_माती:

ईशान्येला कॉलम असेल तर वास्तू बाजूला ठेवा. आधी पायाचा नकाशा बघा.

विजापूररोडकर:

कॉलम नाही, पण ईशान्येला कंपाउंडला लागून शेजाऱ्यांचा कडुनिंब आहे, खणलं की मुळं लागणार. मोकळी जागा नैर्ऋत्येलाच आहे. चालेल ना?

सातरस्ता_प्रॉपर्टी:

नैर्ऋत्येला हौद? मालक, मग किचनच करा.