पार्टी आधी की इमॅजिका आधी?

दुपारची_डुलकी:
मंडळी, सल्ला हवाय. कॉलेजची आमची सात जणांची टोळी, सगळे पंचेचाळिशीचे. एकाचा वाढदिवस. बेत असा, की शनिवारी रात्री कर्जतला भाड्याच्या बंगल्यावर पार्टी, कोळशावरची कोंबडी, बेसूर गाणी. आणि रविवारी सकाळी खोपोलीजवळचं इमॅजिका, तेच मोठ्या पाळण्यांचं पार्क. घरी "महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर" असं सांगून परवानगी काढलीय. दोन्ही त्याच बाजूला आहेत, म्हणजे थाप अर्धीच. बायको म्हणाली, दोन गणपतींना दोन दिवस कशाला? उत्तर अजून सुचलेलं नाही.

मी असल्या पाळण्यात शेवटचा बसलो १९९६ साली, शाळेच्या सहलीत, एस्सेलवर्ल्डला. जाताना बोटीतच डबा संपवला होता. पुढचं सांगत नाही. एस्सेलवर्ल्ड २०२२ ला बंद झालं, पुरावा गेला. आता जागरण करून इमॅजिकाचं नायट्रो, म्हणजे तिथलं रोलर कोस्टर, झेपेल का?

घाटमाथा:
नाही.

रिकामी_पिशवी:
घाटमाथा, जरा विस्ताराने लिहायला पैसे पडतात का?

डुलकीभाऊ, आम्ही भिशीच्या पाच जणींनी नेमकं हेच केलंय. शुक्रवारी रात्री डोंबिवलीत एकीच्या घरी पावभाजी आणि अंताक्षरी, झोपलो अडीचला. सहाला गाडी. वाटेत मी मिसळ खाल्ली, वर जादा तर्री घेतली. घरी कोणी घेऊ देत नाही ना.

आत गेल्यावर नायट्रोला भिऊन आधी "सोपं काहीतरी" म्हणून स्क्रीम मशीनमध्ये बसलो. तिथेच फसलो. ते लंबकासारखं झोके घेतं आणि झोके घेता घेता गोल फिरतं. डोळे एक सांगतात, कान दुसरं, पोट तिसरंच. उतरल्यावर मी अर्धा तास बाकावर, हातात लिंबू सरबत, बाकीच्या चौघी फोटो काढतायत. तर्री माझी, दोष माझाच.

नायट्रो मात्र दुपारी केलं आणि खरं सांगते, मळमळ अजिबात नाही. पाच वेळा उलटं करतं, पायाखाली फळी नाही, पाय नुसते लोंबकळतात. पण सारखं पुढेच पळतं आणि बघता बघता संपतं. पोट बिघडायला वेळच मिळत नाही. पहिल्या उतारावर मी आईला हाक मारली. आई डोंबिवलीत.

तेव्हा पार्क आधी, पार्टी नंतर. सकाळी पोहे, तेही अर्धी बशी. आणि राजासॉरस डायनासोरच्या बोटीत शेवटी बसा, भिजवतात. हा प्राणी खरा बरं का, गुजरातेत हाडं सापडली होती. माझ्या मुलाने मला दोनदा ऐकवलं.

मागची_सीट:
ताईंशी सहमत. भर एवढीच, की नायट्रोत पुढे बसलात तर दृश्य, मागे बसलात तर झटका. गाडीचा बहुतेक भाग उतारावर गेलेला असतो तेव्हा शेवटची रांग अजून चढावर असते. त्यामुळे ती टोकावर येते तीच वेगात, आणि खाली अक्षरशः खेचली जाते. कढी सांडते तसं पोट सांडतं. माझ्या आयडीवरून कळलंच असेल.

पण ज्याला बीपी, मान किंवा कंबर आहे (पंचेचाळिशीत सात जणांत एक तरी निघतोच) त्याला पिशव्या सांभाळायला ठेवा. चेष्टा नाही. बाहेर पाटी असते ती वाचा. आणि आदल्या रात्री "बसणार" असाल तर पाण्याची बाटली जवळ. उन्हात रांगेत उभं राहिल्यावर कळतं.

खोपोलीचा_पाऊस:
लोकलने येणार असाल तर कर्जतला उतरून दिवाडकरांचा वडा. पण परतताना हो, मिसळवाल्या ताईंचं ऐकलंत ना? पुढे खोपोलीच्या गाड्या कमी, वेळ बघून निघा. आणि खरंच पालीला जा. इमॅजिकाच्या पुढे त्याच रस्त्यावर आहे, थापही पूर्ण खरी होईल.

घाटमाथा:
विस्ताराने लिहितो. जमणार नाही.

दुपारची_डुलकी:
सर्वांचे आभार. बेत उलटा केलाय, शनिवारी इमॅजिका, रात्री कोंबडी, रविवारी अंघोळ करून गणपती. एक अडचण झाली. हा धागा मोबाईलवर उघडा राहिला आणि बायकोने वाचला. ती आणि आणखी दोघींच्या बायका येतायत. म्हणजे दोघांच्या. हात थरथरतोय.

मागची सीट तिने आत्ताच सांगून ठेवलीय. पिशव्या माझ्याकडे.