'सार्वभौमत्व' नको, तर काय? एका पत्रिकेतली अडचण

कॅम्पातला
शेजारच्या काकूंचा मुलगा गेल्या वर्षी गेला. १९ वर्षांचा होता, मूत्रपिंडं निकामी झाली. वर्षस्मरणाच्या प्रार्थनेची पत्रिका छापायची आहे. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, कारण व्याही हुक्केरीकडचे. इंग्रजीतली एक ओळ मी अशी उतरवली : 'देवाच्या सार्वभौमत्वावर आणि चांगुलपणावर आमचा विश्वास आहे.' काकूंनी प्रूफ हातात घेतलं, चष्मा वर सरकवला. म्हणाल्या, "काय करूलालास ह्ये? ह्यो शब्द शाळेत घटनेच्या धड्यात असतोय न्हवं? माझ्या पोराचं काय त्यात?" दुसरा शब्द सुचवा. सोमवारी प्रेसमध्ये द्यायचंय.

निपाणीचा मास्तर
शब्द घटनेच्या कितीतरी आधीचा आहे. सर्वभूमीचा ईश्वर तो सार्वभौम, अशी पाणिनीने फोड दिली आहे. 'ईश्वर' खुद्द सूत्रातच आहे. उद्देशिकेने तो घेतला म्हणून देवाकडून काढून घ्यायचा का? काकूंना समजावून सांगा.

मलप्रभाकाठ
मास्तर, ज्या बाईचा मुलगा गेला तिला व्युत्पत्ती समजावायची? आमच्याकडे सार्वभौम म्हटलं की लोकांना कन्नड सिनेमातला राजकुमार आठवतो, नटसार्वभौम. माझी आजी कुणी गेलं की 'देवाची मर्जी' एवढंच म्हणायची. तेच लिहा.

निपाणीचा मास्तर
मर्जी अरबी आहे म्हणून नको असं मी म्हणणार नाही. पण मर्जी बसते, उठते, खप्पा होते. मर्जी सांभाळायची असते. तिच्यावर भरवसा कोण टाकतो?

सीमेवरचा
सरळ 'भोग' लिहा. सगळ्यांना कळतो.

सदलग्याची लेक
भोग नको. कृपा करून नको. २०१९ च्या ऑगस्टात दूधगंगेचं पाणी माहेरच्या घरात छातीपर्यंत आलं होतं. दोन म्हशी दाव्यालाच गेल्या, दावं कापायला वेळ मिळाला नाही. आम्ही शाळेत मुक्कामाला होतो, तिथं एक पाहुणे म्हणाले, 'ज्याचे त्याचे भोग.' आई काही बोलली नाही. उठून दाराशी जाऊन बसली, रात्रभर तिथंच. भोग म्हटलं की 'तूच काहीतरी केलं असशील' हे आपोआप आलं. काकू ख्रिस्ती आहेत असं दिसतं, त्यांना बायबलातला ईयोब माहीत असणार. त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर मित्रच होते. तोंड उघडलं आणि त्याची पापं शोधायला लागले. शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावर.

कडोलीचा माळकरी
ताईंचं पटलं. माझ्या मते शब्द 'सत्ता'. तुकोबा म्हणतात, 'वृक्षाचें ही पान हाले त्याची सत्ता.' दुष्काळात बायको अन्नावाचून गेलेला माणूस आहे हा, फुकट बोलत नाही. आणि सत् म्हणजे असणं, सत् म्हणजे चांगलंही. देवाचा अधिकार आणि त्याचा चांगुलपणा एकाच शब्दात येतात.

मलप्रभाकाठ
माळकरीबुवा, आज सत्ता म्हटलं की बेंगळुरू आणि मुंबई. आपण सीमेवरच्या लोकांनी दोन्हीकडची सत्ता पुरती बघितली आहे.

हुक्केरीकर
कन्नड बाजूला 'देवर चित्त', म्हणजे देवाची इच्छा, असं छापणार असतील, आमच्यात तेच म्हणतात. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत मराठी 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' म्हणते तिथं कन्नडात 'निन्न चित्त' आहे. मराठीतही चित्तच ठेवा, पत्रिकेच्या दोन्ही बाजू जुळतील.

निपाणीचा मास्तर
जुळणार नाहीत. मराठीत चित्त म्हणजे मन. 'चित्ती असू द्यावे समाधान.' ते माणसाचं चित्त आहे, हुकूम देणाऱ्याचं नव्हे. कन्नडातला अर्थ मराठीत ओतू नये. अशानेच आपली भाषा इथं पातळ होते.

हुक्केरीकर
पातळ होते की दाट, ते बाजारात येऊन ऐका. मी दोन्ही बोलतो, दोन्ही माझ्या आईच्या आहेत.

कॅम्पातला
मास्तर, हुक्केरीकर, जरा थांबा. काल संध्याकाळी काकूंना सगळं वाचून दाखवलं. म्हशींचं ऐकताना त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग 'सत्ता'वर बोट ठेवलं आणि विचारलं, "त्येची सत्ता हाय, मान्य. पण त्यो चांगला हाय हे ह्यात कुठं आलं?" मी सत् सांगायला गेलो आणि अर्ध्यावर थांबलो. 'चांगुलपणा' त्यांना फार गुळगुळीत वाटतो. "चांगुलपणा पाव्हण्यांचा असतोय," म्हणाल्या.

कडोलीचा माळकरी
मग 'कळवळा' म्हणा. देवाला कळवळा आहे.

हुक्केरीकर
एक अडचण सांगतो. कन्नडात 'कळवळ' म्हणजे जिवाची घालमेल, चिंता. व्याह्यांनी मराठी बाजू वाचली तर ते असं समजतील की देवाचाच जीव खालीवर होतोय.

सदलग्याची लेक
काकूंना हे जसंच्या तसं सांगा. मला वाटतं, त्यांना ते चालेल.