लिओनार्दोने अर्धवट सोडलेली कामं: दोष की कामाची रीत?

पांढरा कागद (धागाकर्ता)
लिओनार्दो दा विंचीचं कौतुक करताना आपण एक गोष्ट नजरेआड करतो. हा माणूस घेतलेलं काम पुरं करत नसे. फ्लॉरेन्सजवळच्या सान दोनातो मठाने १४८१ मध्ये त्याला वेदीसाठी चित्र सांगितलं. तो ते तपकिरी रेखाटनावर सोडून मिलानला गेला. साधूंना शेवटी फिलिप्पिनो लिप्पीकडून दुसरं चित्र करून घ्यावं लागलं, तेही १४९६ मध्ये मिळालं. आंगियारीच्या लढाईचं भित्तिचित्रही तसंच राहिलं. ६७ वर्षांचं आयुष्य, आणि खात्रीने त्याची म्हणता येतील अशी चित्रं विसाच्या आत. इतक्या मोठ्या प्रतिभेला शिस्त नसावी हे कलेचं नुकसान आहे, असं माझं ठाम मत आहे.

गेरू
साफ असहमत. मिलानच्या ड्यूकसाठी करायच्या कांशाच्या घोड्याच्या पुतळ्याचंच बघा. सुमारे ७ मीटर उंच मातीचा नमुना १४९३ मध्ये तयार होता. पुढच्याच वर्षी ओतकामासाठी जमवलेलं कांसं तोफांसाठी गेलं, आणि १४९९ मध्ये फ्रेंच तिरंदाजांनी तो नमुना नेम धरायला वापरला. यात त्याची बेशिस्त कुठे आली?

पांढरा कागद
घोड्याचं मान्य. पण ‘शेवटचं भोजन’, म्हणजे मिलानच्या मठातल्या भोजनगृहाच्या भिंतीवरचं येशू आणि त्याच्या बारा शिष्यांचं चित्र? ओल्या गिलाव्यावर भरभर रंगवावं लागतं, ते त्याला नको होतं. म्हणून कोरड्या भिंतीवर प्रयोग केला आणि त्याच्या हयातीतच रंग सुटू लागला. १९९९ मध्ये संपलेल्या जीर्णोद्धाराला वीसेक वर्षं लागली. तिथे जेवायला बसणाऱ्या साधूंनी त्याच्याकडे प्रयोग मागितला नव्हता.

गेरू
भरभर रंगवलं असतं तर ते चित्र झालंच नसतं! लेखक मात्तेओ बांदेल्लोने लहानपणी पाहिलेलं लिहून ठेवलंय: कधी लिओनार्दो सकाळपासून अंधार पडेपर्यंत खाणंपिणं विसरून रंगवायचा, तर कधी कुंचल्याला हातही न लावता तासन् तास चित्रासमोर उभा राहायचा. ‘तुमच्यापैकी एक जण मला दगा देईल’ हे येशूचं बोलणं ऐकल्यावर बारा शिष्यांचे हात कसे हलतील, याचा विचार त्या उभं राहण्यात होता. तुम्ही म्हणता ती शिस्त त्या काळात कितीतरी चित्रकारांकडे होती. त्यांच्या मेजावरचे शिष्य नुसते ओळीने बसलेले दिसतात.

नाडीपरीक्षा
तुम्ही दोघं चित्रांवरच अडकलात. मी शरीररचना शिकवते, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथे झालं. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या झडपेपाशी रक्ताचे भोवरे होतात आणि त्यांनी झडप मिटायला मदत होते, हे त्याने काचेच्या नमुन्यात पाणी सोडून तपासलं होतं. विसाव्या शतकात वैद्यकाला हे पुन्हा नव्याने शोधावं लागलं. त्याने ते छापलं असतं तर? व्हेसालियसचा शरीररचनेवरचा प्रसिद्ध ग्रंथ १५४३ चा, लिओनार्दोची रेखाटनं त्याच्या तीसेक वर्षं आधीची.

पांढरा कागद
म्हणजे तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध करताय. तिथेही अर्धवटच.

नाडीपरीक्षा
नाही. त्याच्यासोबत काम करणारा पाव्हियाचा प्राध्यापक मार्कान्तोनियो देल्ला तोर्रे १५११ मध्ये प्लेगने गेला. विद्यापीठाची दारं उघडून देणारा तोच होता. लिओनार्दोचं लॅटिन कच्चं. अशा वेळी एकट्याने ग्रंथ काढणं सोपं नव्हतं. आणि चित्रं वेगळी, अभ्यास वेगळा असं तोडता येत नाही. ओठ हलवणाऱ्या स्नायूंची रेखाटनं त्याने केली, तेव्हा मोनालिसा त्याच्याजवळच होती.

गेरू
अगदी! आणि ते चित्र त्याने मागणाऱ्याला दिलंच नाही, फ्रान्सला सोबत नेलं.

पांढरा कागद
म्हणजे फ्लॉरेन्सच्या त्या रेशीम व्यापाऱ्याला बायकोचं चित्र मिळालंच नाही. याला मी अजूनही दोषच म्हणेन.