मदत हवी आहे : लायब्ररीच्या सोर्समध्ये केलेला बदल ज्युपिटरमध्ये दिसत नाही

नमस्कार मंडळी,

फोंड्याजवळच्या आमच्या गावात जत्रेला मराठी नाटकं होतात. त्यांच्या जुन्या हस्तपत्रिका वाचनालयाने जपून ठेवल्यात. त्यातल्या मजकुराचा शब्दमेघ (जास्त वेळा येणारे शब्द मोठे दाखवणारं चित्र) करून प्रदर्शनात लावायचा आहे, म्हणून पायथनची वर्डक्लाउड लायब्ररी घेतली. पण ती देवनागरी शब्दांचे तुकडे पाडते. 'म्हापसा'मधून 'म', 'ह', 'पस' निघतं, 'पणजी'चं 'पणज' होतं. शब्द ओळखायला ती रेगेक्समधलं (मजकुरातले नमुने शोधायच्या सूत्रातलं) 'बॅकस्लॅश डब्ल्यू', म्हणजे 'शब्दातलं अक्षर' हे चिन्ह, वापरते आणि पायथनच्या 'री' मॉड्यूलमध्ये त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार धरलेच जात नाहीत.

स्वतःचं रेगेक्स बाहेरून देता येतं, माझं काम तेवढ्याने भागेलही. पण मराठी-कोकणी लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे शोधत का बसावं? दुरुस्ती मुळातच व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

उबुंटू २४.०४ आहे. गिटहबवर लायब्ररीचा फोर्क (स्वतःची प्रत) करून त्याचा क्लोन माझ्या संगणकावर घेतला. सिस्टिमच्या पायथनमध्ये पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) काही बसवू देत नाही, म्हणून वेगळं व्हेन्व्ह (पायथनचं स्वतंत्र वातावरण) केलं. लायब्ररीचा एक भाग सायथनमध्ये (वापरण्याआधी कंपाइल करावी लागणारी पायथनसारखी भाषा) असल्याने कंपायलर लागला. 'पायथन डॉट एच सापडत नाही' ही एरर पायथन३-डेव्ह पॅकेज टाकल्यावर गेली. आता क्लोनच्या फोल्डरमधून टर्मिनलवर चालवलं की माझा बदल दिसतो, ज्युपिटरच्या नोटबुकमध्ये (ब्राउझरमध्ये पायथन चालवायची सोय) मात्र जुनंच वागणं. काय राहिलंय?

प्रतिसाद :
टर्मिनलवर दिसतं यावर विसंबू नका. तुम्ही त्याच फोल्डरमध्ये उभे आहात, त्यामुळे पायथन आधी तिथलाच कोड उचलतो. दुसऱ्या फोल्डरमधून चालवून बघा. व्हेन्व्ह चालू करून पिपने एडिटेबल पद्धतीने (उणे ई, मग टिंब) बसवलंय ना? साधं इन्स्टॉल केलं तर साइट-पॅकेजेसमध्ये (बसवलेल्या लायब्रऱ्यांच्या फोल्डरमध्ये) प्रत जाते आणि तुमचे बदल तिला कळत नाहीत.

मग नोटबुकमध्ये सिस डॉट एक्झिक्युटेबल (कोणतं पायथन चालतंय) आणि लायब्ररीचं डंडर-फाइल (ती कुठल्या फाइलमधून आली) छापा. एक्झिक्युटेबलचा पाथ व्हेन्व्हचा नसेल तर कर्नल (नोटबुकमागे कोड चालवणारा भाग) दुसऱ्याच पायथनचा आहे. व्हेन्व्हमध्ये आयपायकर्नल बसवून तो कर्नल निवडा. प्रत्येक बदलानंतर कर्नल रीस्टार्ट करा, एकदा इम्पोर्ट झालेलं मॉड्यूल पायथन आपणहून परत वाचत नाही. सायथनच्या फाइलला हात लावलात तर मात्र पुन्हा बिल्ड करावं लागेल.

धागाकर्ता :
कर्नलच सिस्टिमच्या पायथनचा होता. बदलल्यावर शब्द अख्खे येताहेत, मनापासून आभार! पायटेस्टच्या जुन्या चाचण्याही पास झाल्या. आता 'री' सोडून बाहेरचं 'रेगेक्स' मॉड्यूल घ्यावं का? त्यात मात्रा शब्दातच धरल्या जातात.

प्रतिसाद :
नवी डिपेंडन्सी (लायब्ररीला लागणारं आणखी एक बाहेरचं पॅकेज) सहसा कुणाला नको असते. आधी गिटहबवर इश्यू (अडचणीची नोंद) उघडून मेंटेनरना, म्हणजे लायब्ररी सांभाळणाऱ्यांना, विचारा, जुना इश्यू असेल तर त्यातच लिहा. आणि पुल रिक्वेस्टमध्ये (तुमचा बदल मूळ लायब्ररीत घेण्याच्या विनंतीत) देवनागरीची एक चाचणी नक्की घाला.