नाक-डोळे नसलेली रेखाचित्रे
फ्रेंच फॅशन डिझायनर क्रिस्तियाँ दिओर यांच्या रेखाचित्रांत चेहरे आणि हात अर्धवट सोडलेले असल्यामुळे ती घाईत उरकल्यासारखी वाटतात, हे निरीक्षण बरोबर आहे. मात्र ती शिवणाऱ्यांसाठी काढलेली होती, हे ध्यानात घ्यायला हवे. दिओर यांच्याकडील शिवणकामाच्या प्रमुख मार्गरीत कारे यांच्यामार्फत ती कार्यशाळेत जात आणि त्यांवरून आधी साध्या पांढऱ्या सुती कापडाचा नमुना बेतला जाई. म्हणूनच १९४७ च्या पहिल्या पोशाख-संग्रहातला खांद्यांचा गोल उतार, आवळलेली कंबर आणि फुललेला घेर कागदावर ठामपणे उमटणे महत्त्वाचे होते, नाक-डोळे नव्हे. नटवे चित्रच हवे असेल, तर फॅशन-चित्रकार रने ग्र्युओ यांनी दिओरच्या अत्तरांसाठी केलेली जाहिरातचित्रे पाहावीत. ती देखणी खरीच, पण त्यांवरून कापडाला कात्री लावण्याचे धाडस कोणताही शिंपी करणार नाही.