बंद मोटारीतील जनावर सोडवण्यासाठी काच फोडली तर?

परभणीकर: मागच्या आठवड्यात भर दुपारी मोंढ्यात उभ्या असलेल्या एका बंद मोटारीत कुत्र्याचे पिल्लू धापा टाकत होते आणि काचेवर आतून त्याच्या लाळेचे ओघळ उतरले होते. सुदैवाने मालक लगेच आले. परंतु ते आले नसते आणि मी काच फोडली असती, तर गुन्हा माझ्यावरच दाखल झाला असता का?

लातूरचा वकील: अशा सुटकेला संरक्षण देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४-अ केवळ अपघातग्रस्त माणसांना मदत करणाऱ्यांसाठी आहे. मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ नुसार, व्यक्तीची किंवा मालमत्तेची हानी टाळण्यासाठी गुन्हेगारी हेतूविना, सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, आणि पाळीव कुत्रा कायद्याच्या लेखी मालमत्ताच असल्यामुळे (ऐकायला विचित्र वाटते खरे) हा बचाव मांडता येतो. तरीही आधी ११२ वर कळवावे आणि चित्रफीत काढून ठेवावी.

नांदेडकर: कॅलिफोर्नियात २०१७ पासून असा कायदा लागू आहे, गाडी कुलूपबंद असावी, आधी पोलीस किंवा अग्निशमन दलाला कळवलेले असावे आणि ते येईपर्यंत जनावरासोबत थांबावे, अशा त्याच्या अटी आहेत. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मात्र निष्काळजी मालकाला पहिल्या गुन्ह्यासाठी जास्तीत जास्त ५० रुपये दंड आहे.

परभणीकर: पन्नास रुपये! काच त्याहून महाग.