व्हीलचेअरवरून कोल्हापूरचा रंकाळा तलाव आणि बागा : तुमचे अनुभव सांगा

आक्काची_लेक : काल पेठेतल्या ग्रुपवर रंकाळ्याच्या पाण्यातल्या संध्यामठाचा फोटो आला. पाणी उतरलंय, मठ पार खालपर्यंत दिसतोय. आईची फार आठवण आली. अर्धांगवायू झाल्यावर तिचं एकच मागणं असायचं, "मला रंकाळ्यावर न्या." घरचे म्हणायचे, गाडीतूनच चक्कर मारून आणू. ते तिला नको असायचं. मग भावानं आणि मी व्हीलचेअर काढली. काठाकाठानं जाताना शालिनी पॅलेस दिसला की तिची जुनी गोष्ट सुरू व्हायची. एके ठिकाणी फरशी खचलेली, पुढचं बारकं चाक फटीत रुतलं आणि आई पुढं झुकली. भावानं खांदा धरला म्हणून बरं. जेमतेम दोन बोटांची फट होती ती. घाटावर पायऱ्या, त्यामुळं पाण्यापर्यंत जाता येईना. भाऊ खाली उतरला, बाटलीत पाणी घेऊन आला आणि तिच्या तळहातावर ओतलं. तिनं ते डोळ्यांना लावलं.

घरच्या कुणाला खुर्चीवरून रंकाळा, टाऊन हॉलची बाग, महावीर उद्यान, पद्माराजे उद्यान फिरवलं असेल, किंवा स्वतः खुर्चीवर असाल, तर लिहा. सगळं लिहा.

पेठकर७ : ताई, वाचून गलबलून आलं. सविस्तर रात्री लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे.

चाकावरचा_गडी : मी स्वतः खुर्चीवर आहे. मणक्याला मार. काठावरचा सपाट पट्टा एकदा गाठला की माझं मी हात मारत जातो, कुणी लागत नाही. अडतंय ते आत शिरताना. एका बागेच्या फाटकात दुचाकी आत येऊ नये म्हणून लोखंडी खांब रोवलेत. दुचाकी अडते आणि मीही अडतो. आत झाडं, सावली, बाकडी सगळं आहे, मी रस्त्यावर.

आणि रॅम्प! उताराचं माप १:१२ असतंय. म्हणजे ६ इंच चढायला ६ फूट लांबी पाहिजे. लोक दोन फुटांत सिमेंट थापून मोकळे होतात. तसल्या चढावर खुर्ची मागं उलटते ओ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक जागा आमच्यासाठी सुगम असाव्यात हे लिहिलेलं आहे, मी काय जगावेगळं मागत नाही.

मिरजेची_सून : आमच्या सासूबाईंना टाऊन हॉलची बाग फार आवडते, ती जुनी मोठी झाडं. तिथल्या म्युझियममध्ये आपल्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या वस्तू आहेत ना, त्या बघायच्या होत्या. दोघांनी खुर्ची उचलून नेली, पण त्या इतक्या संकोचल्या की नीट बघितलंच नाही काही. उचलून नेणं म्हणजे सोय नव्हे, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

चाकावरचा_गडी : @मिरजेची_सून अगदी. आणि मदत करायची तर आधी विचारा. मागनं येऊन ढकलू नका, माझी बोटं चाकावर असतात.

भेळप्रेमी : रंकाळ्याचा विषय आणि अजून भेळेचं नाव नाही?? आमचे आजोबा खुर्चीत बसून कागद मांडीवर धरून खायचे. वर कांदा, कोथिंबीर, कैरी. "जरा तिखट कर" हे ठरलेलं.

पेठकर७ : @भेळप्रेमी भेळ खासबागेतलीच, रंकाळ्यावर भाजकं कणीस 😄

भेळप्रेमी : भावा, तो धागा वेगळा काढ, तिथं बघून घेऊ.

फिजिओवहिनी : कामाचं सांगते. उंबऱ्यासारखी कड चढायची तर खुर्ची उलटी फिरवा आणि मोठी चाकं आधी ओढून घ्या. तीव्र उतार उतरतानाही उलटंच, म्हणजे माणूस पुढं घसरत नाही. थांबलात की दोन्ही ब्रेक. काठावर तर हमखास, कारण जमिनीला पाण्याकडं उतार असू शकतो. साडीचा पदर चाकात जातोय का बघा.

कसबा_बावडेकर : खुर्ची रिक्षात बसते का? कुठली घ्यावी? वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, थोड्या दिवसांसाठीच पाहिजे.

फिजिओवहिनी : घडीची असेल तर मागं बसते, पायपट्ट्या काढून ठेवा. थोड्या दिवसांसाठी विकत नका घेऊ, भाड्यानं मिळते.

उचगावकर : ज्या गावात नसीमादीदी हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवर असून १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था उभी केली, त्या गावातल्या बागेच्या फाटकात खुर्ची अडावी हे फार लागतं मनाला. मी तिथल्या पोरांना खुर्ची पळवत खेळताना बघितलंय. अडचण त्यांच्यात नाहीच.

पेठकर७ : आलो. आमचे काका तालमीतले, नंतर दोन्ही पाय गेले शुगरनं. लोक भेटतील म्हणून बाहेर पडायचे नाहीत. पहाटे नेलं, तर फिरायला येणारे जुने गडी भेटले. एकानं नुसतं विचारलं, "वस्ताद, उद्या येणार न्हवं?" दुसऱ्या दिवशी काका पाचलाच तयार.

आक्काची_लेक : 🙏 रविवारी सकाळी मामींना घेऊन काठावर जाणार आहे. @चाकावरचा_गडी, येताय का? टेप आणते. कुठल्या फाटकात किती जागा सुटलीय ते मोजू, खुर्चीला वाट करा म्हणून अर्ज करू आणि त्यात आकड्यांनिशी घालू.

चाकावरचा_गडी : येतो की. माझी खुर्ची बाहेरून बाहेर २६ इंच आहे, लिहून ठेवा. आणि फाटकांचे फोटो उजेडात काढा.

कसबा_बावडेकर : भाड्यानं खुर्ची देणाऱ्या दुकानाचा पत्ता कुणीतरी व्यनि (खाजगी निरोप) करा ना.